शांत जागा

प्रकल्प तपासायला पुण्याहून आलेल्या विभावरी मॅडमच्या हातातला चहा त्यांच्या साडीवर सांडला आणि खोलीतले सगळे त्या साडीकडे बघायला लागले. मॅडम मात्र छताकडे बघत होत्या. "अहो, काय होतं हे?" त्यांनी विचारलं. प्रणोतीने विचारलं, "काय?" तिला खरंच कळलं नव्हतं. तिला वाटलं चहात साय आली असेल, इकडच्या म्हशीच्या दुधाची जाड साय पुण्याच्या माणसाला बघवत नाही. सुमेध स्वतःचा रुमाल काढून धावला, मग रुमालाची अवस्था बघून थांबला. "आवाज," मॅडम म्हणाल्या, "केवढा धडाका झाला! खिडकी हादरली की. काहीतरी फुटलंय बाहेर." प्रणोतीने सुमेधकडे पाहिलं, सुमेधने प्रिन्सिपलसाहेबांकडे, साहेबांनी दारात ट्रे धरून उभ्या असलेल्या शिपायाकडे. एकाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. शेवटी शिपाईच हसला. "अरे मैडम, वो? वो तो फैक्टरी की टेस्टिंग है. गोला छोड़ते हैं. दिन भर चलता है." मग सगळेच हसले. "अच्छा, वो!" साहेब म्हणाले, "हम लोगों को तो सुनाई भी नहीं देता." प्रणोतीही हसली. ते हसू अजून चेहऱ्यावरच होतं आणि तिची नजर सवयीने भिंतीवरच्या स्क्रीनकडे गेली. स्क्रीनवर सहा रंगांच्या सहा रेघा सरकत होत्या, एकेक रेघ एकेका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एकेका कणाची, किती सापडले आणि किती हरवले त्याची. निळी रेघ एक पायरी खाली उतरली होती. आत्ताच. चहा सांडला तेव्हाच.

हसू तोंडावर तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवायचं ते तिला समजेना.

त्या पायऱ्या काही नव्या नव्हत्या. गेली दोन वर्षं ती आणि सुमेध त्याच पायऱ्यांवर डोकं आपटत होते. सकाळी येऊन सगळे आरसे, सगळी भिंगं, केसापेक्षा बारीक काचेच्या तारांची तोंडं एकमेकांसमोर आणून ठेवायची. रेघा वर, सरळ, देखण्या. मग दिवस चढायचा आणि रेघा उतरायला लागायच्या. हळूहळू नाही, पायरीपायरीने. सुमेध महाराजपूरहून मोटरसायकलवर यायचा, हेल्मेट काढायच्या आधी स्क्रीन बघायचा आणि म्हणायचा, "चलो मॅडम, आज पण ग्वारीघाट." घाटाच्या पायऱ्या नर्मदेत उतरतात तशा त्या रेघा उतरायच्या, पाण्याखाली जाईपर्यंत. त्यांनी एसी बदलला. व्होल्टेजला शिव्या घातल्या. टेबलाच्या पायाखाली रबर घातलं. लिफ्ट बंद ठेवायला लावली, तर तिसऱ्या मजल्यावरचे गुडघे दुखणारे सगळे प्राध्यापक तिच्याशी बोलेनासे झाले. उंदीर पकडायचा पिंजरा लावला. रविवारी मात्र रेघा सरळ असायच्या. रविवारी कॉलेज रिकामं, पंखे बंद, पंप बंद, म्हणून. असं तिने ठरवून टाकलं होतं. सुमेध तर म्हणालाही होता, समोसा खात, तोंड भरलेलं असताना, "मॅडम, आपले फोटॉन फॅक्टरीतले दिसून राहिले. रविवारी सुट्टी म्हणून खूश राहतात." ती तेव्हा पोट धरून हसली होती. उत्तर तिच्यासमोर समोसा खात बसलं होतं आणि ती हसत होती.

"प्रणोती," विभावरी मॅडम साडी झटकत म्हणाल्या, "रोज होतं का हे?" साहेबांनीच उत्तर दिलं, अभिमानाने, जणू ते गोळे तेच टाकतात. "रोज, मैडम. मेरे पिताजी के टाइम से. देश की सुरक्षा का मामला है." हे साहेब म्हणजे प्रयोगशाळेचा नारळ फोडताना तिच्या कानाशी येऊन विचारणारे, "मैडम, सच बताइए, इससे बम बनेगा क्या?" रांझीत, तोफांच्या फॅक्टरीच्या या वस्तीत, कुठलंही यंत्र आलं की लोकांना एवढंच विचारायचं असतं, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, इथल्या घरातल्या चुली त्याच उत्तरावर पेटल्या. तिने तेव्हा समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. की सर, एक क्रिस्टल असतो, त्यातून लेसरचा झटका जातो, आणि लाखोत एकदा एका कणाचे दोन कण होतात. जुळे नाहीत, जुळ्यांपेक्षा विचित्र. एकाला तू उभा की आडवा असं विचारलं की त्याच क्षणी दुसऱ्याचंही ठरतं, आणि विचारायच्या आधी दोघांपैकी कुणाचंच ठरलेलं नसतं. असे तीन क्रिस्टल लावायचे. तिघांतूनही एकाच झटक्यात जोड्या निघाव्या लागतात, आणि प्रत्येक जोडीतला एकेक कण काचेच्या त्याच ठोकळ्यांवर एकाच वेळी पोचावा लागतो, इतका एकाच वेळी की कोण कुठून आला हे विश्वातल्या कुणालाच सांगता येऊ नये. मग सहाच्या सहा एक होतात. ज्यांना एकमेकांत गुपित ठेवायचंय अशा सहा गावांना त्यातून एक कुलूप मिळतं; पुढचे संगणक अशाच गुंत्यांवर चालायचेत. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माइकवर जाऊन सांगितलं की हे म्हणजे आपल्या सात जन्मांच्या पति-पत्नीसारखं आहे, आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. तिला वाटलं होतं, त्या नारळाची करवंटी उचलून फेकून मारावी. कशालाही काहीही जोडायचं, एवढीच विद्या या लोकांना येते.

आणि खरी गोष्ट कुणी विचारतच नाही, ती अशी की त्या सहांतला एक जरी हरवला तरी सगळं गेलं. पाच उरतात, पण पाचांचा गुंता उरत नाही. उरलेले पाच एकमेकांसारखे वागतात, एक उभा तर सगळे उभे, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आहेत की सोबत. नसतात. नुसते सारखे असतात. आईच्या तेराव्याला बंगलोरहून भाऊ आला होता, तो, बाबा आणि ती एका ओळीत पाटावर बसून एकाच वेळी आपोष्णी घेत होते, आणि तिच्या मनात हे आलं होतं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली होती. साहेबांत आणि आपल्यात मग फरक काय.

मॅडम आत गेल्या. काळे पडदे, अंधार, टेबलावर आरशांची दाटी, आणि अंधारात नुसता एअर-कंडिशनरचा आवाज. त्या टेबलाशी वाकल्या, तळहात टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या, डॉक्टर पोटावर हात ठेवतो तसा. बराच वेळ. मग त्यांनी मान वर केली. "आत्ता पुन्हा," त्या म्हणाल्या. सुमेध म्हणाला, "काय मॅडम?" प्रणोतीने कान ताणले होते, सगळ्या अंगाचा कान करून उभी होती, आणि तिला एअर-कंडिशनर ऐकू आला, सुमेधचा श्वास ऐकू आला, लांब कुठेतरी नळ ऐकू आला. बाहेर येऊन बघितलं तर हिरवी रेघ एक पायरी खाली.

चार वर्षांपूर्वी दिल्लीहून फोन आला होता. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीतला कुणीतरी, चांगला माणूस असावा, सावकाश एकेक गोष्ट विचारत होता. वीज? पाणी? धूळ? मग म्हणाला, "आसपास कोई वाइब्रेशन? रेलवे, ट्रैफिक, कंस्ट्रक्शन?" तिने मनातल्या मनात सगळ्या दिशांना चक्कर मारली. रेल्वे लांब. रस्ता लांब. बांधकाम नाही. "नहीं सर," ती म्हणाली, "बहुत शांत जगह है." ते ती खोटं बोलली नव्हती. फोनच्या आदल्याच दिवशी ती मुद्दाम या खोलीत एक खुर्ची टाकून दुपारभर डोळे मिटून बसली होती, जागा ऐकायला. कबुतरं ऐकली. गवतातून कुणीतरी सायकल ढकलत नेली ते ऐकलं. इतकी शांतता की तिला डुलकी लागली. वार कामाचाच होता, त्या दुपारीही गोळे पडत असणार, खिडकी वाजत असणार, आणि ती रांझीची पोर खुर्चीत मान टाकून झोपली होती. जागा शांत आहे म्हटल्यावर हादरे खाणारं, हवेवर तरंगणाऱ्या पायांचं टेबल कशाला मागायचं? तिने मागितलं नाही. मागितलं असतं तर मिळालं असतं. तेव्हा सगळं मिळत होतं.

प्रिन्सिपलसाहेब जेवणाची व्यवस्था बघायला गेले तेव्हा मॅडम तिला व्हरांड्यात घेऊन आल्या. पुण्याच्या असल्या तरी बाई वाईट नव्हती, हे तिला कबूल करावं लागत होतं, आणि त्याचाच राग येत होता. सकाळी आल्या आल्या त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं मराठी किती गोड आहे हो, हिंदाळलेलं." लहान मुलाच्या बोबड्या बोलाला म्हणावं तसं. तीन पिढ्या आम्ही इथे फॅक्टरीत, रेल्वेत, पोस्टात हाडं झिजवली, घरात एक भाषा आणि दाराबाहेर दुसरी सांभाळली, आणि तुम्ही एका सकाळी येऊन गोड म्हणून जाता. पण आता व्हरांड्यात त्या तसं बोलत नव्हत्या. "एक विचारू? सकाळपासून बघतेय. तुम्ही सगळे बोलता बोलता मध्येच थांबता. तुम्ही, सुमेध, तो शिपाईसुद्धा. क्षणभरच. आणि मग पुढचा शब्द. आधी मला वाटलं ही इथली बोलायची लकब आहे."

बंगलोरच्या संशोधकांच्या ग्रुपबरोबर व्हिडिओवर मीटिंग व्हायच्या तेव्हा तिकडचे लोक हमखास विचारायचे, मॅडम, तुमचा आवाज कट होतोय का, नेटवर्क बघा. प्रणोती नेटवर्कला शिव्या द्यायची. शाळेत पाढे म्हणताना अख्खा वर्ग एकदम थांबायचा आणि एकदम सुरू व्हायचा, बाईंनी कधी सांगितलं नव्हतं, कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. आई कुकरच्या शिट्ट्या मोजताना थांबायची. भांडणातसुद्धा. बाबा तावातावाने "मी तुला हजारदा सांगितलं" म्हणायचे, थांबायचे, "की नाही?" म्हणायचे, आणि आईही उत्तर द्यायच्या आधी वाट बघायची, कारण थांबणं संपायचं होतं. एक अख्खी वस्ती आपल्या वाक्यांमध्ये भोकं ठेवून बोलत आली, गोळ्याला जागा म्हणून. गोळा ऐकायचा मात्र नाही.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला अडकवायला आले नाहीये. पण मुदत संपलीये. सहाचा गुंता झाला असं म्हणायला तुमचा आकडा अर्ध्याच्या वर यायला हवा होता, आणि तो अर्ध्याच्या खाली आहे. का खाली आहे, याचं मला काहीतरी लिहावं लागेल. आज सकाळपर्यंत मी लिहिणार होते की काम करणाऱ्यांना जमलं नाही. ते लिहिलं तर प्रकल्प बंद, पण यंत्रं कॉलेजकडेच राहतील, कुणी न्यायला येणार नाही. तुमच्या नावाला मात्र पुढे कुठे काही मिळणार नाही. आता मला दुसरं दिसतंय. जागाच चुकीची आहे. ते लिहिलं तर तुमच्यावर डाग नाही, पण मग ती यंत्रं इथे ठेवता येणार नाहीत. लेसर, डिटेक्टर, सगळं दुसऱ्या शहरात जाईल. ज्यांना जमेल त्यांच्याकडे." त्या थांबल्या. हे थांबणं पुण्याचं होतं, त्यात गोळा नव्हता. "तुम्हीच सांगा मला. उद्या सकाळी माझी गाडी आहे, गाडीत बसून मी अहवाल पाठवीन."

"मी टेबल बदलते," प्रणोती म्हणाली. "हवेच्या पायांचं."

"कुठल्या पैशातून?"

"रविवारी मोजते."

"सहाही क्रिस्टलमधून एकदम यायची वेळ तासात एखाददुसरी येते, हे तुम्हीच मला सकाळी सांगितलंत. एका रविवारात काय जमणार? आणि सोमवारी परत सगळं हललेलं."

सहा फोटॉन, क्रिस्टल तीन, हे मॅडमना ठाऊक होतं, घाईत तोंडातून गेलं. प्रणोतीने दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं, आणि तेही तिने सोडून दिलं.

सुमेध संध्याकाळी कुलूप लावताना म्हणाला, "मॅडम, काहून इतकं टेन्शन घेऊन राहिल्या? जागा खराब लिहू द्या ना त्यांना. आपली तर गलती नाही निघत." ती म्हणाली, "आणि तू काय करशील मग?" "मी? माझं काय. बायको म्हणते कोचिंग क्लास काढ. फोटॉन नाही तर पोरं. पोरं तरी रविवारी पण हलतात." तो हसला. तिला हसता आलं नाही. तिने दार ओढायच्या आधी आत एकदा पाहिलं आणि तिचं लक्ष कोपऱ्यातल्या फळीवर गेलं. तिथे आरसे पुसायच्या ॲसिटोनच्या काचेच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, आणि दर दोन बाटल्यांच्या मध्ये जुन्या सुती ओढणीची एकेक घडी घातलेली होती. ती ओढणी तिची होती. त्या घड्या तिने स्वतः घातल्या होत्या, पहिल्याच दिवशी, बाटल्या फळीवर ठेवता ठेवता. कशासाठी असं कुणी विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं? बाटल्या अशाच ठेवतात, म्हणून.

घरी येईपर्यंत ऑटोवाला काय बोलत होता ते तिला आठवत नाही. घर रांझीतच, बाबांनी निवृत्तीच्या वेळी बांधलेलं, फॅक्टरीच्या क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर, जणू लांब गेलं तर पगार कापतील. बाबा, जगन्नाथ खानझोडे, तोफेच्या चाचणीवर आयुष्य गेलेला माणूस, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांना ऐकू येत नाही. आधी उजव्या कानाने नाही, मग दोन्ही. लहानपणी ते घरी आले की आई कानातून कापसाचे बोळे काढून द्यायची, काळपट, आणि ते चुलीत टाकायची. नंतर नंतर बोळे घालणं त्यांनी सोडलं. "आता काही गरज नाही," ते म्हणाले होते, आणि घरात सगळ्यांना ती चांगली बातमी वाटली होती. आता त्यांच्याशी बोलायचं म्हणजे तोंड त्यांच्यासमोर आणून ओठ मोठे करून बोलायचं. तिने ओठ मोठे केले. "जेवले काय तुम्ही?" "तू आल्यावर जेवीन म्हटलं. आज तुझी ती पुण्याची बाई आली होती नं? काय म्हणली?" "म्हणली चांगलं आहे," प्रणोती म्हणाली. ओठ मोठे करून खोटं बोलायला फार कष्ट पडतात.

स्वयंपाकघरात तिने दिवा लावला. आईची फळी तशीच होती. लोणच्याच्या बरण्या, मोरंब्याची, मिठाची, काचेची ती एक उंच बरणी जिच्यात आता काहीच नसतं. दर दोन बरण्यांमध्ये एकेक चिंधी, घडी घालून. निळी, फुलाफुलांची, एक बाबांच्या खाकी पॅन्टची. आई दर दिवाळीला चिंध्या धुवायची, वाळवायची, पुन्हा घालायची. शेजारच्या शर्मिला काकूंकडे तसंच, त्यांच्या पलीकडे तसंच. सासरी गेलेल्या पोरी नागपूरला, रायपूरला जाऊन तसंच करतात, आणि सासवा हसतात, हे काय गं, बरण्यांना लंगोट? तिने फळीसमोर उभं राहून त्या चिंध्यांकडे पाहिलं. आई हे कुणाकडून शिकली असेल? पहिल्या बाईने, जी इथे पहिल्यांदा आली, जिची पहिली बरणी टकटक वाजून तडकली, तिने तो आवाज ऐकला असेल. खरंच ऐकला असेल, मॅडमसारखा, हातातलं सांडून. आणि मग तिने चिंधी घातली आणि पुढच्या सगळ्या बायकांनी चिंधी तेवढी घेतली. आवाज वाटेत कुठे टाकून दिला कुणास ठाऊक. एखाद्या भाषेतला शब्द जावा आणि नुसती हाताची खूण उरावी तसं. तिला राग आला. कुणाचा ते ठरेना. फॅक्टरीचा म्हणावा तर तिच्या फीचे पैसे, तिच्या पहिल्या पुस्तकाचा पुठ्ठा, सगळं तिथूनच. आईचा म्हणावा तर आई गेली. स्वतःच्या कानांचा राग कसा करतात, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फळीवरची खाकी चिंधी ओढून काढली. हातात धरून उभी राहिली. मग घडी सारखी करून पुन्हा घातली.

जेवताना तिच्या डोक्यात दोनच वाक्यं फिरत होती. जमलं नाही. जागा चुकीची. पहिलं लिहिलं तर यंत्रं खोलीत राहतील, काळ्या पडद्यांआड, कुणी न चालवता, धूळ खात, साहेब पाहुण्यांना दाखवतील, ये देखिए. ती रोज जाऊन बघू शकेल. दुसरं लिहिलं तर टेम्पो येईल. टेबलाचे पाय सुटतील. आणि दुसऱ्या शहरात, जिथे खरीच शांतता आहे, कुणीतरी पहिल्याच महिन्यात आकडा अर्ध्याच्या वर नेईल आणि फोन करून सांगेल, मॅडम, तुमच्या आरशांचं अलाइनमेंट उत्तम होतं हं. याच्यापेक्षा पहिलं बरं. नाही, दुसरं बरं. दोन्हीत तिची काय गरज होती, ते कळेना. वाक्य लिहिणार दुसरी बाई, गोळा टाकणार तिसरंच कुणी, फोटॉन तर तिचं ऐकायला बांधलेले नाहीतच. बाबा ताटाशी बोट फिरवत होते. "मीठ कमी झालं," ते म्हणाले. ती मीठ आणायला उठली. एवढं तिच्या हातात होतं.

सकाळी ती बाबांजवळ अंगणात बसली. मुद्दाम. फॅक्टरीचा भोंगा झाला, तो तिला ऐकू आला. भोंगा ऐकायची मनाई कुणी केली नव्हती. सायकली गेल्या, मोटरसायकली गेल्या, एक बस गेली. चाचणी थोड्या वेळाने सुरू होते. तिने फोन मांडीवर ठेवला. आज ऐकायचंच. एकदाच. उत्तर देण्याआधी निदान ती गोष्ट आपल्या कानांनी ऐकायची, मग जे लिहायचं ते लिहू दे. ती डोळे मिटून बसली, मग डोळे उघडून बसली, झोप यायला नको म्हणून. पाखरं. शेजारचा मिक्सर. कुणीतरी कुणाला "अबे ओ" म्हणून हाक मारली. "बाबा," तिने ओठ मोठे केले, "गोळा पडतो नं, ते तुम्हाला समजतं काय?" बाबांनी तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं, जणू तिने विचारलं होतं की तुम्हाला भूक लागलेली समजते काय. "काहून नाही समजणार?" त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय फरशीवर टेकवले. "इथून येतो. रोज मोजत बसतो ना मी. दुसरं काम काय आहे? थांब, आता सुरू होऊन राहिलं." ते खुर्चीत जरा पुढे सरकले, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी माणूस सरकतो तसे, आणि उजव्या हाताचं बोट उचललं. "हा गेला."

तिने काही ऐकलं नव्हतं.

तिनेही चप्पल काढली. फरशी गार होती, एवढंच. बाबांचं बोट खाली आलं, जरा वेळाने पुन्हा उठलं. "हा." पुन्हा. "हा मोठा होता." त्यांच्या तोंडावर समाधान होतं, घरातल्याच कुणाची तरी खुशाली कळल्यासारखं. तिच्या तळव्यांना गार फरशी लागत होती, आणि एक मुंगी.

फोन वाजला. "मी गाडीत आहे," विभावरी मॅडम म्हणाल्या, मागे गाडीचा खडखडाट, चहावाला. "नरसिंहपूर मागे गेलं. सांगा, काय लिहू?"

"जागा चुकीची लिहा," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा सरळ निघाला. "यंत्रं घेऊन जाऊ द्या. जिथे चालतील तिथे न्या."

पलीकडे सुटल्यासारखा श्वास आला. "बरं केलंत. खरंच बरं केलंत. आणि हे बघा, मनाला लावून घेऊ नका. यात तुमची काही चूक नाही."

"चूक कशी नाही, मॅडम? मीच त्यांना म्हटलं होतं की इथे अगदी..."

तिचं वाक्य मध्येच थांबलं. तिने थांबवलं नव्हतं. समोर बाबांचं बोट वर होतं.

"बापरे," फोनमध्ये मॅडम म्हणाल्या, "हे काय वाजलं?"

"काय?" प्रणोतीने विचारलं.